मरळीचा नेम आणि कालवणाचा वास

प्रश्न : ओढ्याच्या डोहात मरळीवर भाला मारताना माझा नेम हमखास चुकतो आणि एखादी मिळालीच, तर कालवणाला चिखलाचा वास येतो. काय करावे?

उत्तर : पाण्यातून बाहेर येताना प्रकाशकिरण वाकत असल्यामुळे मासा असतो त्यापेक्षा वर दिसतो; सरळ वरून पाहिल्यास ४० सेंटिमीटर खोलीवरची मरळ ३० सेंटिमीटरवरच भासते आणि काठावरून तिरके पाहिल्यास हा फरक आणखी वाढतो, म्हणून नेम दिसणाऱ्या माशाच्या खाली धरावा. मरळ हवा घेण्यासाठी पृष्ठभागावर येते, तो क्षण सर्वांत सोयीचा. मात्र तिच्यापाशी तांबूस पिल्लांचा थवा दिसला, तर भाला खाली ठेवावा. ती राखण करत असते आणि अशा वेळी तिला मारणे आम्हाला तरी पटत नाही.

वासाचे मूळ बहुधा जिओस्मिन या द्रव्यात असते व ते आंबटपणाने मोडते. मासा राखेने चोळून बुळबुळीतपणा काढावा, तुकड्यांना मीठ, हळद आणि चिंचेचा कोळ लावून अर्धा तास ठेवावे आणि धुऊन घ्यावेत. सुक्या खोबऱ्याच्या वाटणाचा रस्सा चांगला उकळल्यावरच ते अलगद सोडावेत. मग पळी फिरवू नये, पातेलेच हलवावे.