नव्या बायकोचा पगार आणि लेकराची खावटी

भाऊ, तुमचं म्हणणं मला असं समजलं. दिग्रसजवळ तुमची शेती आहे. पहिल्या लग्नातला मुलगा आईसोबत आजोळी राहतो आणि कोर्टाच्या हुकमाप्रमाणे तुम्ही त्याला दरमहा खावटी देता. आता इंग्लंडमधल्या नर्सशी लग्न ठरलंय आणि तिच्या व्हिसावर तुम्ही येणार आहात. घरचे म्हणतात, "तिचा पौंडातला पगार कोर्टाले समजला त खावटी चौपट होईन, लग्नाचं सांगूच नोको." मी दारव्हा तालुक्यातली, आता इंग्लंडात लेस्टरला राहते. माझ्या नवऱ्याची पहिल्या लग्नातली मुलगी यवतमाळला शिकते आणि आमच्या घरात जास्त पगार माझा आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या नव्या बायकोच्या पगारावर खावटी लागत नाही. मुलाला पोसायची जबाबदारी त्याच्या जन्मदात्या आईबापाची आहे. उद्या त्याच्या आईनं दुसरं लग्न केलं तर तिची स्वतःची पोटगी बंद होईल, पोराची होणार नाही. सावत्र बापाची कमाई दाखवून तुम्हालाही सुटता येणार नाही.

पण पगार मोजत नाहीत म्हणजे त्याचा काहीच परिणाम होत नाही, असं समजू नका. कोर्ट तुमची ऐपत बघतं. घरभाडं बायको भरत असेल, तर "तिकडं भाडं फार आहे, उरत काही नाही" हे तुम्हाला म्हणता येत नाही. आमचं भाडं माझ्या पगारातून जातं, त्यामुळे नवऱ्याच्या हाती पैसा मोकळा राहतो आणि त्याच्यावर पहिला हक्क त्या मुलीचा आहे, असं मी मानते. नोकरी नाही ही सबबही टिकत नाही, कारण धडधाकट माणूस कमावू शकतो असंच कोर्ट धरून चालतं. तुम्हाला इथं मूल झालं तर तो खर्च कोर्टापुढं मांडता येतो, पण त्यानं पहिल्या लेकराचा हक्क संपत नाही.

इथं आल्यावर लोक तुम्हाला खावटीचा इथला हिशेब सांगतील: आठवड्याला ८०० पौंडांपर्यंतच्या, कर कापायच्या आधीच्या पगारावर एका मुलासाठी साधारण १२ टक्के, दोघांसाठी १६. त्यातही जोडीदाराचा पगार धरत नाहीत. पण तो हिशेब मूल इथं राहत असेल तरचा आहे. तुमचा मुलगा विदर्भात आहे, म्हणून तुम्हाला गावाकडच्या कोर्टाचाच हुकूम लागू राहील.

लपवायचा विचार तर मनातून काढून टाका. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२० च्या निकालापासून अशा प्रकरणांत दोघांनाही मालमत्ता आणि मिळकतीचं शपथपत्र द्यावं लागतं. कास्तकारांसाठी त्याचा वेगळा नमुना आहे. जमीन किती, कोरडवाहू की ओलिताची, पीक कोणतं, ढोरं किती, कर्ज किती, सगळं त्यात येतं. वावर ठोक्यानं दिलं असेल तर ते पैसेही तुमचीच मिळकत. त्या कागदावर खोटं लिहिणं म्हणजे शपथेवर खोटं बोलणं.

१ जुलै २०२४ पासून खावटीच्या जुन्या कलम १२५ च्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलंय. थकबाकी राहिली तर त्याखाली वॉरंट निघतं, थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगूनही पैसे माफ होत नाहीत. वॉरंट निघालेल्या माणसाचा पासपोर्टही जप्त होऊ शकतो. तुमची कमाई वाढली की मुलाची आई कलम १४६ खाली वाढ मागू शकते, आणि तो तिचा हक्क आहे. माझं मत विचाराल तर तिला तालुक्याच्या कोर्टात चकरा मारायला लावू नका, नोकरी लागली की आपण होऊन रक्कम वाढवा.

सुरुवातीचे काही महिने काम नसेल, तेवढ्यांची खावटी सोयाबीनच्या पैशातून आधीच वेगळी काढा आणि बँकेला दरमहा आपोआप पाठवायची सूचना देऊन या. पैसे नेहमी मुलाच्या आईच्या खात्यावरच टाका, भावाच्या हाती रोख देऊ नका. आमच्याकडे दर पाठवणीच्या शेऱ्यात "मुलीची खावटी" आणि महिन्याचं नाव लिहिलेलं असतं. उद्या कोणी विचारलं तर पासबुकच पुरावा. आपल्याकडे जूनच्या शेवटी शाळा उघडते, तेव्हाच पेरणीचाही खर्च असतो. त्या महिन्यात वह्या-गणवेशाचे थोडे जास्त पाठवा, हुकमात नसले तरी.

दोन गोष्टी आधी तपासा. होणारी बायको खरंच नर्स म्हणून व्हिसावर आहे ना? ११ मार्च २०२४ पासून केअर वर्करच्या व्हिसावर नव्यानं आलेल्यांना जोडीदार आणता येत नाही. आणि तुमचा घटस्फोट कोर्टाचा आहे ना? स्टँपपेपरवरच्या फारकतीच्या भरवशावर दुसरं लग्न करू नका. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची आणि खावटीच्या हुकमाची प्रमाणित प्रत काढा आणि लग्नाआधी दोन्ही कागद तिच्या हाती द्या. दर महिन्याला किती पैसे कुठं जाणार, हे तिला तुमच्याच तोंडून कळू द्या.