हातात बंदूक असली की हॉरर गेम हॉरर राहतो का, की तोही शेवटी शूटिंग गेमच? आणि पहिल्यांदा खेळणाऱ्याने सुरुवात कुठल्या गेमने करावी?

राहतो. आणि हा प्रश्न गेली वीस वर्षं मी माझ्या मामेभावाच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलाय, की तोच दुसऱ्या नावाने इथे येऊन विचारतोय की काय अशी शंका आली.

दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. त्याचं मत ठाम आहे. हातात बंदूक आली की भीती गेली, मग समोर भूत असो नाहीतर सैनिक, दोघंही नेम धरायच्या वस्तू. खरा हॉरर म्हणजे अ‍ॅम्नेशिया, आउटलास्ट, जिथे खेळणारा रिकाम्या हाताने पळतो. माझं मत नेमकं उलट आहे. ते का, हे सांगायचं तर २००४ मधलं एक भांडण उकरावं लागेल.

१९९३ चा पहिला डूम, राक्षस मारायचा शूटिंग गेम, आम्ही दोघांनी एकाच कीबोर्डवर खेळला होता. बाण त्याच्याकडे, कंट्रोल आणि स्पेस माझ्याकडे. म्हणजे चालायचं त्याने, गोळी झाडायची आणि दारं उघडायची मी. मेलो की चूक माझी. अशी आमची भागीदारी.

२००४ च्या ऑगस्टमध्ये डूम ३ आला. मंगळावरचा तळ, आणि अंधार. साधा नव्हे, भिंत कुठे संपली आणि दार कुठे सुरू झालं तेही कळू नये असा मिट्ट काळोख. जवळ टॉर्च असते, पण ती हत्यारासारखी हातात धरावी लागते. टॉर्च धरली तर बंदूक नाही, बंदूक धरली तर टॉर्च नाही. कीबोर्डवरचा एफ दाबला की एक जातं, दुसरं येतं. यावरून तेव्हा लोकांनी जो काही गळा काढला होता, विचारू नका.

मला मात्र तो गेम तिथेच आवडला. डाव्या हाताची तर्जनी डीवर असते, शेजारीच एफ. खोलीत शिरायचं ते टॉर्च घेऊन. डावीकडे टेबल, त्यामागे पाइप, उजवीकडे उलटी पडलेली खुर्ची. टेबल आणि पाइपांच्या मधे काहीतरी हललं. एफ. आता शॉटगन हातात आली आणि समोर काहीच दिसेनासं झालं. मघाशी ते जिथे होतं तिथे, निव्वळ आठवणीवर, एक बार. बार उडतो त्या उजेडात निमिषभर खोली दिसते, आणि कळतं की ते तिथे नाहीये, दोन पावलं पुढे आलंय. पुन्हा अंधार. पुन्हा बार मारू की एफ दाबून आधी बघू? हा निर्णय घेताना माझे तळवे घामाने इतके ओले व्हायचे की माउस पँटला पुसावा लागायचा. हातात शॉटगन होती बरं का, भरलेली.

गेम येऊन थोडेच दिवस झाले होते आणि कुणीतरी एक मॉड, म्हणजे गेममध्ये बाहेरून टाकायचा बदल, काढला. नाव डक्ट टेप. मशीनगन आणि शॉटगनला टॉर्च चिकटवून देतो, बाकी काही नाही. मी परीक्षेत अडकलो होतो, तेवढ्यात दादाने तो टाकला आणि माझ्याच सेव्हवरून पुढे खेळायला लागला. माझ्याच! तिसऱ्या दिवशी मी शेजारी जाऊन बसलो तर हा खोलीत शिरतोय, उजेड पडतोय, धाड, पुढची खोली. आणि शीळ घालतोय. डूम ३ खेळताना शीळ.

मी म्हटलं, तू गेमचा जीव काढलास. तो म्हणाला, "माणूस मंगळावर पोचला, आणि बंदुकीला टॉर्च बांधायला त्याला चिकटपट्टी मिळत नाही?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर आजही नाही, तर्काने तो शंभर टक्के बरोबर आहे. त्याने दोन संध्याकाळींत गेम संपवला आणि वर निकाल दिला, "ठीक आहे, पण भीतीबिती काही वाटली नाही." अरे, कशी वाटेल?

पुढे २०१२ मध्ये बनवणाऱ्यांनीच डूम ३ ची बी.एफ.जी. एडिशन ही नवी आवृत्ती काढली. त्यात टॉर्च चिलखतावर बसवलेली, बंदूक कायम हातात, टॉर्चची बॅटरी संपते पण आपोआप भरते, आणि गोळ्याही पहिल्यापेक्षा सढळ. दादाचा मेसेज आला, "कंपनीने माझं ऐकलं. आता बोल." मी तीही खेळलो. तोच तळ, तीच भुतं, त्याच कपाटांतून बाहेर येणारी. निम्मा गेम फोनवर गप्पा मारत संपवला. म्हणजे बंदूक दोन्हींत होती. एकात मी घामाघूम, दुसऱ्यात फोनवर. मग भीती बंदुकीने कशी काय घालवली?

माझं म्हणणं एवढंच आहे की बंदूक चालवायला काय मोजावं लागतं ते बघा. डूम ३ मध्ये उजेड मोजावा लागत होता. १९९६ च्या रेसिडेंट ईव्हिलमध्ये गोळ्या मोजाव्या लागतात, आणि खिसेही. दोन नायकांपैकी क्रिसला सहा वस्तू नेता येतात, जिलला आठ. बंदूक, गोळ्या आणि औषधी वनस्पती घेतल्यावर किल्ली ठेवायला जागा उरत नाही. गेम सेव्ह करायचा तर टाइपरायटर आणि शाईची रिबन हवी, आणि रिबनही मोजक्याच. २००२ मध्ये त्याचा रीमेक आला त्यात तर कहर. झाँबी मारून टाकून दिला, त्याचं डोकंही उडवलं नाही आणि जाळलाही नाही, की तो नंतर उठतो, लाल डोक्याचा आणि दुप्पट चपळ. जाळायला रॉकेल लागतं, ते थोडंच. म्हणजे गोळी नेमकी बसली, झाँबी पडला, तरी काळजी संपत नाही, उलट त्या कॉरिडॉरमधून परत जाताना ते मढं अजून तिथेच आहे का हे आधी बघायचं. हा गेम शूटिंगचा म्हणायचा का? गोळ्या तर झाडल्याच की.

रेसिडेंट ईव्हिल ४ लाही (२००५) लोक अॅक्शन म्हणून हिणवतात. पण त्यात नेम धरला की पाय जमिनीला खिळतात. चालता चालता गोळी मारता येत नाही. करवतवाला समोरून धावत येतोय, नेम धरावा तर हलता येत नाही, हलावं तर नेम जातो. डूमच्या टॉर्चचीच गोष्ट, फक्त उजेडाच्या जागी पाय. डेड स्पेसमध्ये (२००८) तर नायक सैनिकही नाही, इंजिनिअर. हातात कापायचं अवजार. सामानाची यादी उघडली तरी गेम थांबत नाही, मागून येणारा येतच राहतो. त्याच मालिकेच्या तिसऱ्या भागात, २०१३ मध्ये, सगळ्या बंदुकांना एकाच प्रकारच्या गोळ्या केल्या, सोबतीला मित्र आणायची सोय दिली, आणि झालं, भीती पार धुऊन निघाली. बंदूक तर पहिल्या भागातही होती ना?

आता दादाच्या लाडक्या रिकाम्या हातांकडे येतो. अ‍ॅम्नेशिया (२०१०) चांगला आहे, पहिले दोन तास जबरदस्त. आउटलास्टमधला (२०१३) कॅमेरा आणि त्याच्या संपणाऱ्या बॅटऱ्या, कल्पना म्हणून फारच छान. पण एकाच जागी तिसऱ्यांदा मेलात की काय होतं? इथून पळायचं, डावीकडे वळायचं, पलंगाखाली शिरायचं, दहा आकडे मोजायचे, बाहेर. पाढे पाठ केल्यासारखं. लढायचा पर्यायच नाही म्हटल्यावर निर्णयही घ्यायचा नाही. आणि दादा पुरावा म्हणून एलियन आयसोलेशन (२०१४) फेकतो, त्यात तर चक्क रिव्हॉल्व्हर आहे! त्यात मागे लागणाऱ्या परग्रहावरच्या प्राण्याला गोळीने काही होत नाही, उलट आवाजाने तो तुमच्याकडे येतो. नंतर आगीचा झोत मिळतो, त्याला तो बिचकतो, पण वारंवार वापरलात की बिचकायचा कमी होतो. म्हणजे तुमचा सगळ्यात भीतिदायक गेमही हातात हत्यार देऊनच घाबरवतोय. हे मी दादाला लिहून पाठवलं तेव्हा त्याने अंगठा दाखवला, तो होकाराचा की चिडवायचा, ते आजतागायत कळलेलं नाही.

उलट उदाहरणही देतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी बोलतोय. फिअर (२००५). त्यातले सैनिक मला आजही बऱ्याच नव्या गेमपेक्षा हुशार वाटतात. आडोसा बदलतात, बाजूने येतात, एकमेकांना ओरडून सांगतात. आणि अल्मा ही मुलगी अंगावर काटा आणते. पण दोन्ही वेगवेगळं. ती येते तेव्हा गोळी मारायला काही नसतं, आणि गोळीबार सुरू झाला की वेळ संथ करून मजेत मारत सुटायचं. भुताच्या गोष्टीत मधूनच युद्धपट लावावा तसं. इथे दादा बरोबर आहे, हे वेगळं सांगायला नको.

शूटिंग गेमबद्दलही एक सांगायचंय, तुम्ही विचारलेलं नसलं तरी. साध्या शूटिंग गेममधली भीती कॉल ऑफ ड्यूटी २ ने (२००५) घालवली असं माझं ठाम मत आहे. औषधाच्या पेट्या गेल्या, भिंतीमागे थोडं थांबलं की जखम आपोआप बरी. त्याआधी पहिल्या हॅलोने ढालीपुरतं तेच केलं होतं, पण निदान ढालीच्या आतली हेल्थ तरी तिथे आपोआप भरत नव्हती. याउलट २००० चा प्रोजेक्ट आयजीआय आठवा. मिशनच्या मधे सेव्हच नाही. पाऊण तास सरपटत जाऊन, कॅमेरे चुकवून, शेवटच्या कुंपणापाशी अलार्म वाजला तर छातीत जे व्हायचं, ते कुठल्या भुताने केलेलं नाही. आणि दोन संघांच्या काउंटर स्ट्राइकमध्ये आपल्या संघातले एकटे जिवंत राहून बघा. मेलेले चारही मित्र तुमच्याच डोळ्यांनी बघताहेत, समोर दोन जण शिल्लक, आणि पलीकडून पावलांचा आवाज. शिफ्ट दाबून चालायचं आणि श्वास रोखायचा. दादा त्यात अट्टल होता, आणि तेव्हा त्याचे कान लाल व्हायचे हे मी स्वतः पाहिलंय. बंदूक होती ना हातात?

शेवटचा पुरावा २०१९ चा. रेसिडेंट ईव्हिल २ चा रीमेक आला, तेव्हा दादा माझ्याकडे राहायला होता. पोलिस ठाण्यात मिस्टर एक्स नावाचा एक टोपीवाला धिप्पाड गडी मागे लागतो. गोळ्या घातल्या तर थोडा वेळ गुडघा टेकतो, मरत नाही, पुन्हा उठून चालायला लागतो. वरच्या मजल्यावर असला की त्याची पावलं छतातून ऐकू येतात. दादाकडे शॉटगन होती, गोळ्या भरपूर होत्या, मी मुद्दाम मोजल्या. त्याने एका गोळीत त्या गड्याची टोपी उडवली आणि खूश होऊन माझ्याकडे बघितलं. मग दार लावून तो लायब्ररीत शिरला. धप्प, धप्प, धप्प. दादाने एस्केप दाबला आणि म्हणाला, "थांब, जरा पाणी पिऊन येतो." पंधरा मिनिटं झाली तरी माणूस परत आला नाही. मी आत जाऊन बघितलं तर पेपर वाचत बसलेला. मी काही बोललो नाही. आज बोलतोय.

हां, तुमची सुरुवात. शूटिंगची सवय असेल तर जुना रेसिडेंट ईव्हिल ४, नसेल तर रेसिडेंट ईव्हिल २ चा रीमेक. मशीन चांगलं असेल तर २०२३ चा डेड स्पेस रीमेक. सायलेंट हिल २ उत्तमच आहे, पण तो पहिला नको. त्यातली भीती दुःखाच्या अंगाने येते, आणि त्याचा २००१ मधला मूळ गेम आज चालवायला हाताला अवघड जातो. अ‍ॅम्नेशिया दादाला विचारा.

काही गोष्टी राहिल्या. हेडफोन लावा, टीव्हीच्या स्पीकरवर अर्धा गेम वाया जातो. पात्राच्या डोळ्यांतून दिसणाऱ्या गेममध्ये काहींना गरगरतं, तसं झालं तर फील्ड ऑफ व्ह्यू (पडद्यावर किती रुंद दिसतं ते) वाढवून बघा, नाहीतर पाठमागून दिसणारेच गेम खेळा. यातले बहुतेक गेम मोठ्यांसाठीचे आहेत, धाकट्या भावंडाला शेजारी बसवून खेळू नका (आम्हाला कुणी अडवलं नाही, ती गोष्ट वेगळी). रिकाम्या हातांच्या गेमवर मी जरा जास्तच तोंडसुख घेतलं, ज्यांना पळून लपण्यातच मजा येते त्यांची मजा खोटी नाही. आणि ब्राइटनेस. पुष्कळ हॉरर गेम सुरुवातीलाच एक चिन्ह दाखवून ते जेमतेम दिसेल इतपत उजेड ठेवायला सांगतात. तेवढाच ठेवा. डूम ३ खेळताना मी तो बराच वर नेऊन ठेवला होता. दादाला हे माहीत नाही.