नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला असलेली बहीण रोज रडते, सोडून देते म्हणते. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की धाकटी बहीण बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, वॉर्डची पोस्टिंग (ठरावीक काळाची ड्युटी) लागल्यापासून रोज रात्री फोनवर रडते, आणि घरचे ‘होईल सवय’ म्हणून मोकळे होतात.

सवय होते, पण कशाची ते बघायला हवं. उपाशी ड्युटी करायची, चूक लपवायची, बोलणी गिळायची अशीही सवय होते, आणि पुढे त्यालाच लोक ‘पोरगी खंबीर झाली’ म्हणतात. ‘टेन्शन’ या एका शब्दाखाली चार-पाच वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा असतो. तेव्हा ‘काय झालं?’ असं विचारू नका, उत्तर ‘काही नाही’ असंच येईल. ‘ड्युटीतला कुठला तास नकोसा वाटतो?’ असं विचारा. सकाळचा ओव्हर (आधीच्या पाळीकडून पेशंटची माहिती घेणं), डॉक्टरांचा राउंड, इंजेक्शनची वेळ की रात्री केअर प्लॅन (पेशंटच्या शुश्रूषेचा आराखडा) लिहायला बसणं, हे तिला बहुधा लगेच सांगता येईल.

इंजेक्शन, बीपी, सलाइन असं काही निघालं तर ही भीती हात न बसल्याची आहे. तिथे प्राणायामाचे सल्ले देऊन भागत नाही, सराव लागतो आणि तो वॉर्डाबाहेर करावा लागतो. बीपीचंच घ्या. दंडाला बांधलेला कफ (हवेचा पट्टा) फुगवताना मनगटाची नाडी लागेनाशी झाली की तिथून आणखी 30 मिमी वर न्यायचं, मग सेकंदाला 2 ते 3 मिमी या गतीने हवा सोडायची. नवखी मुलगी घाबरून हवा भसकन सोडते, स्टेथोस्कोपमधून ऐकायचा पहिला ठोका हुकतो, पेशंटचे नातेवाईक टक लावून बघत असतात, आणि चार्टवर 120/80 पडतं. मग तो अंदाजाने लिहिलेला आकडा तिला रात्रभर छळतो. ठोका हुकला तर कफ पूर्ण सोडून मिनिट-दोन मिनिटं थांबायचं आणि पुन्हा घ्यायचं, यात लाज काही नाही. होस्टेलवर मैत्रिणींचे वीसेक दंड मोजून झाले की हात स्थिरावतो. सलाइनच्या थेंबांचंही तसंच: 500 मिली 8 तासांत द्यायचंय, सलाइनची नळी (सेट) मिलीला 20 थेंब सोडणारी, तर 500 गुणिले 20 भागिले 480, म्हणजे मिनिटाला साधारण 21 थेंब. अशी पाच गणितं रोज कागदावर सोडवली तर राउंडला विचारल्यावर तोंडचं पाणी पळत नाही.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलींना केस प्रेझेंटेशनचं इंग्रजी जास्त छळतं. पेशंटचं वय, तक्रार, निदान, आजचे व्हायटल्स (नाडी, बीपी, ताप, श्वास), चालू औषधं, या क्रमाने सहा-सात ठरावीक वाक्यं पाठ करून रूममेटसमोर मोठ्याने म्हणावीत. पेशंट बदलला तरी वाक्यांचा साचा तोच राहतो.

चक्कर येऊन पडणं हे पहिल्या वर्षाचं ठरलेलं दुखणं, आणि त्याचं कारण बऱ्याचदा मनात नसतं, पोटात असतं. सातच्या ड्युटीला निघताना मेसचा नाश्ता तयार नसतो, मग रिकाम्या पोटी तासभर ताठ उभं राहून ड्रेसिंग बघायचं. निघण्याआधी केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू आणि पाणी पोटात गेलंच पाहिजे. उभं राहताना गुडघे ताठ धरू नयेत. अंधारी येतेय असं वाटताच मांड्या आणि पोटऱ्या आवळून धराव्यात, आणि तेवढ्याने भागलं नाही तर सरळ खाली बसावं. सिस्टर ओरडल्या तरी चालेल, डोकं फुटण्यापेक्षा ते परवडलं.

आता एक गोष्ट तिला नक्की विचारा, कारण ती आपणहून सांगणार नाही: सुई टोचली आहे का? विद्यार्थिनी हे लपवतात. ‘निष्काळजी’ म्हणून सगळ्यांसमोर उद्धार होईल ही धास्ती असते, मग महिनोन्महिने एकट्याने एचआयव्हीची चिंता वाहत बसतात. वापरलेल्या सुईला दोन्ही हातांनी टोपण लावताना किंवा ट्रे आवरताना ही सुई लागते. लागलीच तर जागा साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायची. पिळायची नाही, चोखायची नाही, स्पिरिट ओतायचं नाही. लगेच इन्चार्ज सिस्टरना सांगायचं आणि कॅज्युअल्टी किंवा एआरटी सेंटरला (एचआयव्हीच्या उपचार केंद्राला) जायचं. एचआयव्ही प्रतिबंधक गोळ्या लागणार असतील तर पहिला डोस 2 तासांत मिळालेला उत्तम, 72 तासांनंतर त्यांचा उपयोग धरत नाहीत. कोर्स 28 दिवसांचा असतो. पेशंट एचआयव्हीबाधित असला तरी टोचण्यातून लागण व्हायचं प्रमाण साधारण 0.3 टक्के आहे, तेही औषध न घेतल्यास. हेपटायटिस बीचा धोका लस न घेतलेल्यांना त्याहून कितीतरी जास्त असतो. ती लस 0, 1 आणि 6 महिने अशी तीन डोसांत घेतात, आणि मुली तिसऱ्या डोसाआधीच वॉर्डात उतरतात. बहिणीचे डोस कुठवर आलेत ते आजच विचारा. तिन्ही झाल्यावर महिना-दोन महिन्यांनी टायटर (लसीने रक्तात तयार झालेल्या अँटिबॉडींचं प्रमाण) तपासून घ्यावा, 10 mIU/mL किंवा जास्त आला की निर्धास्त.

अपमानाचं दुखणं वेगळं. पन्नास पेशंटांमागे दोन सिस्टर असल्या की त्यांचा राग पहिल्या वर्षाच्या मुलीवर निघतो. कारण समजलं म्हणून बोलणी कमी लागत नाहीत, पण काही वाक्यं हाताशी असली की फरक पडतो. ‘सिस्टर, हे मी अजून केलेलं नाही, तुमच्यासमोर एकदा करू का?’ हे त्यातलं सगळ्यात कामाचं. न शिकवलेलं काम एकटीने करायला सांगितलं तर ट्यूटर मॅडमना बोलावण्याचा तिला पूर्ण हक्क आहे. सीनियर मुली छळत असतील तर तो रॅगिंगचा मामला आहे. त्यासाठी 1800-180-5522 ही यूजीसीची हेल्पलाइन आहे.

पहिला मृत्यू पाहिल्यावर काही दिवस तो चेहरा डोळ्यांसमोर येणं, जेवण न जाणं स्वाभाविक आहे. त्या दिवशी जेवण, अंघोळ आणि त्याच वॉर्डातल्या कुणाशी दहा मिनिटं बोलणं एवढं पुरे. बोलायचं नसेल तर खोदून विचारू नका. महिना उलटूनही तेच दिसत असेल, तो वॉर्ड टाळायला ती खोटी कारणं देत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

ताण आणि आजार यांतली रेघ अशी: बहुतेक दिवस, दिवसातला बराच वेळ उदासी किंवा कशातच रस नाही, जोडीला झोप-भूक बिघडलेली, लक्ष लागत नाही, स्वतःला सतत दोष देणं, आणि हे सलग दोन आठवडे. मग समजूत घालत बसू नका. टेली-मानसचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. कॉलेजच्याच हॉस्पिटलात दाखवायला संकोच वाटत असेल तर दुसरीकडे न्या. माहिती गुप्त राखणं 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंधनकारक आहे. मैत्रिणीकडून किंवा वॉर्डातून मिळालेली झोपेची गोळी मात्र अजिबात नको. सवय लागते, आणि औषधांचा हिशोब चुकला की निस्तरणं अवघड होतं.

‘जगावंसं वाटत नाही’ असं कधी बोलली असेल तर सरळ विचारा, ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर तिला एकटं सोडू नका, खोलीतली औषधं बाजूला करा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

रजेची भीती घालतात त्यालाही बिचकू नका. परीक्षेला बसायला 80 टक्के हजेरी लागते. प्रॅक्टिकलची 100 टक्के हजेरी पदवी मिळण्याआधी पुरी करायची असते, म्हणजे चुकलेल्या ड्युट्या नंतर भरून काढता येतात. आजारपणाचं सर्टिफिकेट तेवढं वेळेवर द्या.

सोडायचं की नाही हे परीक्षेच्या तोंडावर ठरवू नका. जेवण, झोप आणि सराव मार्गी लावून एक पूर्ण पोस्टिंग जाऊ द्या. त्यानंतरही पेशंटजवळ जाणंच नकोसं वाटत असेल तर सोडणं रास्त आहे. त्याआधी भरलेली फी, मूळ कागदपत्रं आणि बॉण्ड काही असेल तर तो, यांबद्दल कॉलेजकडून लेखी उत्तर घ्या. तोंडी आश्वासनावर प्रवेश रद्द करू नका.