पाय चिकटतात, आणि बीजीएचं काय?

प्रश्न: दादा, मी मालवणात घरीच इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड बनवतो. ०.५ मिमी पिचच्या (म्हणजे शेजारच्या पायांमधल्या अंतराच्या) चिपचे पाय सोल्डर करताना एकमेकांना चिकटतात. आणि बीजीए, म्हणजे पायांऐवजी पोटाखाली सोल्डरचे गोळे असलेली चिप, घरी जमेल का?

उत्तर: अरे चिकटू देत! आधी कोपऱ्यातले दोन पाय सोल्डरने पक्के करून चिप सरळ बसव, मग जेल फ्लक्स (सोल्डर नीट पसरायला मदत करणारं रसायन) भरपूर लाव, सगळे कंजुषी करतात ती इथेच, आणि सोल्डरिंग आयर्नच्या टिपेवर थोडंसंच सोल्डर घेऊन पायांवरून हळूहळू ओढत ने. तरी चिकटलंच तर फ्लक्स लावलेली विक (तांब्याच्या बारीक तारांची विणलेली पट्टी) ठेवून वरून टीप टेकव, तांबं चंदेरी होत गेलं की समज सोल्डर वर ओढलं जातंय.

बीजीए जमतं, पण गोळे पोटाखाली, त्यामुळे हॉट एअर गन लागते आणि बोर्ड खालून साधारण १५० डिग्रीपर्यंत तापवायला प्रीहीटर. ६३/३७ (कथील/शिसं) सोल्डर १८३ला वितळतं, लीड-फ्री, म्हणजे बिनशिशाचे गोळे २१७च्या पुढे. वितळले की चिप किंचित खाली बसते, चिमट्याने हलकेच ढकललीस तर आपोआप जागेवर परत येते, ते बघायला फार भारी वाटतं.

आणि हो, आपल्याकडच्या पावसाळ्यात उघडी राहिलेली चिप दमट होते, तापवल्यावर आतल्या पाण्याची वाफ होऊन ती तडकू शकते. आधी १२५ डिग्रीवर काही तास सुकव, पण स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये अजिबात नको.