सिडनी ऑपेरा हाउसच्या पन्नाशीचा एवढा गाजावाजा कशासाठी?

ऑक्टोबर २०२३मध्ये सिडनी ऑपेरा हाउसला ५० वर्षं झाली, तेव्हा लेझर शो काय, मोफत प्रवेश काय. एका इमारतीचं एवढं कौतुक कशाला, असं तुम्ही विचारलंय. मी सिडनीतच राहते आणि इथे आले तेव्हा मलाही हेच वाटायचं. सगळे फोटो काढतात म्हणून आपणही काढायचा, एवढाच माझा तिच्याशी संबंध होता.

‘घर पाहावं बांधून’ म्हणतात ना, ते या शहराने पुरतं अनुभवलंय. १९५७च्या स्पर्धेत २३३ आराखडे आले आणि त्यांतून ३८ वर्षांच्या एका डॅनिश माणसाचा, योर्न उत्झॉन यांचा आराखडा निवडला गेला. अंदाज ७० लाख डॉलरचा होता, लागले १० कोटी २० लाख. जी वास्तू १९६३मध्ये उभी राहायची, तिला १९७३ उजाडलं. बहुतेक पैसा लॉटरीच्या तिकिटांतून आला, हे मला फार आवडतं. तिकिटं घेऊन काहीच न लागलेल्या हजारो लोकांचाही तिच्यात वाटा आहे.

घोडं अडलं ते छपरांवर. कागदावर ती शिडांसारखी छपरं सुंदर दिसत होती, पण ती बांधायची कशी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. काही वर्षं डोकेफोड केल्यावर १९६१च्या सुमारास तोड निघाली: सगळी शिडं एकाच मोठ्या गोलाचे काप मानायची, मोसंब्याच्या सालीचे तुकडे असावेत तसे. गोल एकच असल्याने वक्रताही सगळीकडे सारखी, त्यामुळे काँक्रीटच्या फासळ्या त्याच त्या साच्यांतून ओतता आल्या.

पुढे सरकार बदललं. नव्या मंत्र्यांशी उत्झॉन यांचं बिनसलं, त्यांची बिलं अडली. १९६६च्या फेब्रुवारीत त्यांनी काम सोडलं. त्यांना परत आणा म्हणून लोकांनी मोर्चाही काढला, पण ते देश सोडून गेले ते कायमचे. उरलेलं काम, म्हणजे मुख्यतः आतली सभागृहं, वास्तुविशारद पीटर हॉल यांच्या देखरेखीखाली पुरं झालं. २० ऑक्टोबर १९७३ला राणी एलिझाबेथ यांनी उद्घाटन केलं, तेव्हा उत्झॉन तिथे नव्हते. पुढे १९९९मध्ये समेट झाला, २००४मध्ये त्यांच्या नावाची, त्यांनीच आखलेली खोली उघडली. पण २००८मध्ये ते गेले, तोवर पूर्ण झालेली इमारत त्यांनी प्रत्यक्ष कधी पाहिलीच नाही. पन्नाशीचा सोहळा मला म्हणूनच निम्मा वाढदिवस आणि निम्मा माफीनामा वाटला. (माझं मत. इथले सगळेच असं म्हणणार नाहीत.)

आतलं म्हणाल, तर मोठ्या कॉन्सर्ट हॉलच्या आवाजाबद्दल वादकांचीच वर्षानुवर्षं कुरकुर होती, स्टेजवर एकमेकांचं नीट ऐकू येत नाही म्हणून. पन्नाशीच्या आधी, २०२० ते २०२२, तो बंद ठेवून दुरुस्त केला.

त्या शनिवार-रविवारी दारं सगळ्यांना खुली होती. आई तेव्हा पुण्याहून आलेली, तिला घेऊन गेले. आत शिरण्याआधीच ती बाहेर, जिथे शीड अगदी जमिनीपर्यंत उतरतं, तिथे थांबली आणि तळहात टेकवला. “अगं, या तर फरशा आहेत!” लांबून पांढरंशुभ्र दिसणारं ते छप्पर जवळून मुळीच एकरंगी नाही. काही टाइल्स चकचकीत पांढऱ्या, काही बिनचमकीच्या, सायीच्या रंगाच्या, प्रत्येक जेमतेम तळहाताएवढी. स्वीडनमध्ये बनवलेल्या अशा १० लाखांहून जास्त टाइल्स तिथे आहेत.

आईने अख्ख्या इमारतीचा फोटो काढलाच नाही. चार टाइल्सचा काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत मावशीचा मेसेज आला: “कुणाच्या बाथरूमचं काम काढलंय?”