घरी बांधायची, उथळ पाण्यातली शिडाची बोट: आराखडा आणि शीड कोणतं?

किनाऱ्याकिनाऱ्याने फिरायचं असेल तर बोटींचे रचनाकार जेम्स व्हॅरम यांचा टिकी २१ हा आराखडा घ्या. दोन अरुंद होड्या जोडलेली ही २१ फुटी बोट. प्लायवूड तारेने शिवायचं, सांधे इपॉक्सीने (घट्ट चिकटणाऱ्या राळेने) भरायचे. जेमतेम १४ इंच पाणी पुरतं, त्यामुळे ओहोटीला वाळूवर सरळ बसते. तळाखाली पाण्यात उतरणारा खोल कणा (कील) नाही. इंग्रजी व्ही आकाराचा तळच बोटीला आडवं सरकू देत नाही.

शीड मात्र आराखड्यातलंच ठेवा. त्याची पुढची कड पिशवीसारखी डोलकाठीभोवती बसते, म्हणून वारा काठीमागे घोटाळत नाही. खाली आडवा वासा नसल्याने डोक्याला धोका नाही. या आराखड्याच्या बोटीने रोरी मॅकडूगल यांनी १९९१ ते १९९७ मध्ये जगप्रदक्षिणा केली! दोन होड्या जोडणाऱ्या आडव्या तुळया दोरीनेच बांधा, बोल्ट नकोत. लाटेत तेवढी लवचीकता लागते.