बारावी कला शाखेतून झाली असेल तर नर्स होता येतं का? किती वर्षं लागतात?

हो, नक्की येतं. तुम्ही लिहिलंय की बहिणीची बारावी कला शाखेतून झाली आहे आणि कुणीतरी तिला सहा महिन्यांचा ‘नर्सिंग असिस्टंट’ कोर्स सुचवलाय. मी स्वतः एएनएम (सहायक परिचारिका आणि प्रसाविका हा कोर्स) करून गावाकडच्या सरकारी आरोग्य उपकेंद्रात काम करते, म्हणून कळकळीने सांगते: नर्स व्हायचं असेल तर तो रस्ता नको. असा कोर्स करून पेशंटजवळ मदतनिसाचं काम मिळतं, पण नर्सिंग कौन्सिलमध्ये, म्हणजे नर्सेसची अधिकृत नोंदणी करणाऱ्या राज्याच्या संस्थेत, नोंदणी होत नाही. आणि नोंदणी नसेल तर सरकारी भरतीत नर्स म्हणून अर्जच करता येत नाही.

एएनएम दोन वर्षांचं आहे. बारावी कुठल्याही शाखेची चालते, वय 17 पूर्ण हवं. लोकांना वाटतं यात नुसतं इंजेक्शन द्यायला शिकवतात. प्रत्यक्षात पहिल्या वर्षी सामुदायिक आरोग्य, पोषण, लसीकरण, संसर्गजन्य आजार, बालकांचं आरोग्य असतं. दुसऱ्या वर्षी प्रसूतिशास्त्र आणि आरोग्य केंद्राचं व्यवस्थापन. शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. लेबर रूमच्या पोस्टिंगला मुली सुरुवातीला घाबरतात, पण खरं शिक्षण तिथेच होतं. मैदानी भागात साधारण 5000 आणि डोंगरी-आदिवासी भागात 3000 लोकवस्तीमागे एक उपकेंद्र असतं. गरोदर बाईची तपासणी असो की बाळाची लस, तिथे गाव आधी सिस्टरकडेच येतं.

जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा) तीन वर्षांचं. तेही कला शाखेवर करता येतं, फक्त बारावीला इंग्रजी आणि एकूण 40 टक्के गुण लागतात. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं आहे, पण त्याला भौतिक, रसायन, जीवशास्त्र लागतं, म्हणजे बहिणीला ते थेट नाही. जीएनएम आणि नोंदणी झाल्यावर मात्र दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करून ती पदवीपर्यंत जाऊ शकते.

माझं मत विचाराल तर गुण असतील आणि घरून तीन वर्षांचा खर्च झेपत असेल तर थेट जीएनएमच करू द्या. एएनएम करून पुढे जीएनएमला जाता येतं, पण तिथे पुन्हा पहिल्या वर्षापासून बसावं लागतं. मोठ्या हॉस्पिटलच्या वॉर्डात किंवा परदेशात जायचं मनात असेल तर एएनएम पुरत नाही. लवकर कमावतं व्हायचं असेल, गावाकडच्या कामाची आवड असेल, तर एएनएम उत्तम.

फी भरण्याआधी संस्थेकडे दोन गोष्टी मागा. एक, त्या कोर्सच्या मान्यतेचं चालू वर्षाचं पत्र. ते महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे पडताळून बघा. दुसरी, मुलींना प्रात्यक्षिकासाठी कुठल्या हॉस्पिटलात पाठवतात त्याचं नाव. तिथे एकदा स्वतः जा आणि ड्युटीवरच्या सिस्टरला विचारा की या संस्थेच्या मुली खरंच येतात का.